शिवी कुठं लागते?

आमच्या घनसावंगीच्या बसस्टँडजवळच्या कुठल्याही टपरीवर सकाळच्या चहाला अर्धा तास उभं राहा. 'मायला', 'च्यायला' इतक्या वेळा कानावर पडेल की मोजायचं सोडून द्याल. बोलणाऱ्याच्या शेजारीच त्याचा चुलता उभा असतो आणि बशीतला चहा फुरकत असतो. त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पण त्याच टपरीवर कुणी एखाद्याला जातीच्या नावानं हाक मारली, तर कपबश्यांचासुद्धा आवाज थांबतो.

आता साठ-सत्तर वर्षं मागं जा. तेव्हा मराठवाड्यातल्या गावोगाव जातीचं नाव हीच हाक होती. वाड्याच्या ओसरीवरून ती मोठ्यानं दिली जाई. देणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नसे आणि ऐकणाऱ्याला काय वाटतं हे कुणी विचारत नसे. त्याच गावातल्या बाईला चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायला सांगितलं, तर ती पदरात तोंड लपवी. रात्री घरात साप निघाला, तर म्हातारी 'साप' म्हणत नसे, 'लांबडं' म्हणे.

म्हणजे तोंडातून काढायचे नाहीत असे शब्द तेव्हाही होते आणि आजही आहेत. यादी तेवढी बदलली. समाज कशाला भितो, काय जपतो आणि कुणाची इज्जत धरतो, हे त्या यादीवरून कळतं. शिव्यांबद्दल बोलणं हेच असभ्य मानल्यामुळं ही यादी कुणी नीट वाचली नाही आणि तिच्याभोवती गैरसमज मात्र साठत गेले. त्यांतले काही इथं तपासू.

गैरसमज १ : पूर्वीची माणसं सोज्वळ होती. शिव्या सिनेमानं आणि मोबाइलनं आणल्या.

वस्तुस्थिती : मराठी दगडावर कोरली जाऊ लागली, त्या अगदी सुरुवातीच्या काळापासून शिवी तिच्यासोबत आहे. शिलाहार घराण्याच्या काळात राजानं जमीन दान दिली की शिळा उभी करत. शिळेच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य, कारण दान चंद्रसूर्य असेतोवर टिकायचं. मध्ये मजकूर. खालच्या चौकटीत एक गाढव आणि एक बाई. दान मोडणाऱ्याच्या आईवर काय ओढवेल, ते अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून चित्रातच दाखवलेलं. या शिळांना गद्धेगाळ म्हणतात. यातला 'गाळ' म्हणजे शिवी.

रायगड जिल्ह्यातल्या अक्षीचा शिलालेख अनेक अभ्यासक महाराष्ट्रातला सर्वांत जुना मराठी शिलालेख मानतात. तोही गद्धेगाळच आहे. मुंबईत परळला सापडलेला अपरादित्य शिलाहाराचा बाराव्या शतकातला लेख तर आणखी बोलका आहे. त्यातला दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि शेवटची शिवी मराठीत. पंडिताला दान कळलं की काम झालं, पण धमकी नांगर धरणाऱ्यापर्यंत पोचायला हवी होती.

तुकोबांचंही तसंच. सज्जनाला लंगोटीसुद्धा काढून देऊ, असं सांगणारा त्यांचा अभंग सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातली लंगोटी आज शाळेत आणि भाषणांत 'कासेची' म्हणून येते. गाथा उघडली तर लंगोटीआधी दुसराच, रांगडा शब्द सापडतो. देहूच्या वाण्याला आणि त्याच्या श्रोत्यांना त्याची लाज नव्हती. लाज नंतरच्या शिकलेल्या मराठी माणसाला वाटली आणि त्यानं शब्द बदलला. तेव्हा पूर्वज सोज्वळ होते म्हणण्यापेक्षा आपण त्यांना सोज्वळ करून घेतलं, हे म्हणणं खरं.

गैरसमज २ : शिव्या म्हणजे खेडवळ, अडाणी माणसाची भाषा.

वस्तुस्थिती : वरची शिवी राजानं कोरून घेतली होती, एवढं सांगून हा मुद्दा संपवता येईल. पण 'खेडवळ' या शब्दापाशी जरा थांबू या. 'असभ्य' म्हणजे सभेत न शोभणारा. 'ग्राम्य' म्हणजे गावचा, आणि संस्कृत काव्यशास्त्रात ग्राम्यता हा काव्याचा दोष म्हणून नोंदवलेला आहे. 'गावंढळ'मध्ये तर गाव उघडच बसलंय. म्हणजे शिवी कुठली आणि भाषा कुठली हे ठरवणाऱ्यांनी आमचा पत्ताच दोषांच्या यादीत टाकला होता.

ज्याच्या हाती हे ठरवणं असतं, त्याच्या स्वतःच्या शिव्या शिव्या ठरत नाहीत. 'चांभारचौकशी' आणि 'घिसाडघाई' हे शब्द शहाण्यासुरत्या अग्रलेखांतून आजही सहज येऊन जातात. घिसाडी हा गावोगाव पाल टाकून विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवून देणारा भटका लोहार. तापलेल्या लोखंडावर त्याची बायको घण मारत असते. ज्यानं त्यांना ऐरणीवर काम करताना पाहिलंय, त्याला या कामात लगबग का लागते ते कळतं, कारण लोखंड गार झालं की घाव वाया जातो. शहरानं मात्र त्या लगबगीतून निष्काळजी कामाला एक शब्द घेतला आणि तो एका अख्ख्या जमातीच्या नावावर लावला.

'भामटा' तर याहून वाईट. वर्तमानपत्राच्या गुन्हेगारीच्या पानावर रोज कुणीतरी भामटा कुणालातरी गंडा घालत असतो. भामटा हे महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतल्या एका जातीचं नाव आहे. ब्रिटिशांनी १८७१ पासून कायदे करून ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ मध्ये ज्यांची त्या शिक्क्यातून सुटका झाली, त्या या विमुक्त. कायद्यानं शिक्का पुसला, मथळ्यानं तो जपला. २०२३ मध्ये 'राजपूत भामटा' या जातीच्या नावातून 'भामटा' शब्द काढायची घोषणा झाली, तेव्हा त्यावरून वाद पेटला. तो वाद आरक्षणाचा होता, पण शब्दाचं ओझं किती आहे हेही त्यातून दिसलं.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२ साली आला. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. आपल्याला यातल्या अनेक शब्दांचे अर्थ माहीत नाहीत, हे तेंडुलकरांनी तिच्यात मोकळेपणानं सांगितलं. मुंबईच्या कामाठीपुऱ्यातल्या माणसाला ते शब्द रोजचे होते. मराठीतला एवढा मोठा नाटककार काही मैलांवर राहत होता आणि त्याच्यापर्यंत ते पोचले नव्हते. आपण ज्याला घाण भाषा म्हणतो, ती बऱ्याचदा नुसती न ऐकलेली भाषा असते.

गैरसमज ३ : शिवीचा अर्थ ठरलेला असतो. शब्दच मुळात घाण असतो.

वस्तुस्थिती : 'देवानांप्रिय' हा सम्राट अशोकाचा किताब. देवांचा लाडका. पुढं संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत त्याचा अर्थ 'मूर्ख' असा पक्का झाला. 'थेर' म्हणजे बौद्ध संघातला ज्येष्ठ, आदरणीय भिक्खू. मूळ संस्कृत शब्द 'स्थविर', म्हणजे वयोवृद्ध. आपल्याकडं त्याचा 'थेरडा' झाला. अशोकाच्या शिलालेखांत 'पाषंड' म्हणजे कुठलाही धर्मपंथ, आणि सगळ्या पाषंडांचा आदर करा असं तो राजा सांगतो. आज 'पाखंडी' म्हणून बघा कुणाला.

सगळ्यांत दुखरा प्रवास मात्र 'रांड' या शब्दाचा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला तर या शब्दाचा पहिला अर्थ मिळतो तो विधवा. संस्कृत 'रंडा'पासून आलेला. व्यभिचारी बाई हा अर्थ नंतरचा. नवरा मेलेली बाई आणि वाईट चालीची बाई यांना एकच शब्द पुरला. त्या काळी ब्राह्मणादी वरच्या जातींत विधवेचं केशवपन करून तिला लाल आलवणात गुंडाळून अंधाऱ्या खोलीत बसवत. तिच्यावर नवऱ्याचा ताबा उरला नाही म्हणजे ती घसरणारच, असं गृहीत धरलेलं. त्या गृहीतकाची शिवी झाली. मग 'रांडेच्या' म्हणजे विधवेला झालेला, म्हणजे बाप नसलेला. आणि आता? गावातला आजा नातवाला कडेवर घेऊन 'काय रे रांडंच्या' म्हणतो, तेव्हा त्यात नुसतं कौतुक असतं. शब्द तोच, पण त्यातली विधवा कुणाला दिसत नाही.

'च्यायला'चं असंच झालं. 'तुझ्या आईला' या धमकीची दोन्ही टोकं झिजली, क्रियापद गळालं आणि उरला नुसता उद्गार. आता पेन हरवलं तरी माणूस 'च्यायला' म्हणतो. 'साला' म्हणजे बायकोचा भाऊ. परक्या माणसाला साला म्हणणं म्हणजे त्याच्या बहिणीवर हक्क सांगणं. आज ते मैत्रीत खपतं.

सर्वोच्च न्यायालयानंही २००८ च्या एका निकालात हेच तत्त्व धरलं. चामड्याचं काम करणाऱ्या एका जातीच्या नावानं केलेल्या शिवीगाळीचा तो खटला होता. न्यायालयानं म्हटलं की शब्दाची व्युत्पत्ती बघून चालणार नाही, आज तो कुठल्या अर्थानं फेकला जातो ते बघावं लागेल.

गैरसमज ४ : शिवी म्हणजे राग. शिवी दिली की भांडण.

वस्तुस्थिती : सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही शेजारशेजारची गावं आहेत. मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया वाजतगाजत ओढ्याच्या आपापल्या काठावर येतात आणि पलीकडच्यांना हातवारे करून शिव्यांची लाखोली वाहतात. याला 'बोरीचा बार' म्हणतात. बार झाला की बाया घरी जातात. मनात अढी राहत नाही.

शिमग्याची बोंब हीच. लग्नात विहिणीला गाण्यातून दिलेल्या शिव्या हेच. आमच्याकडच्या जुन्या बायांना त्या पाठ असत, आणि विहीण रागवली तर तिचंच हसं होई. गोदावरीपलीकडं बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते. गद्धेगाळावरचंच ते गाढव. एरवी गाढवावरून धिंड म्हणजे सगळ्यांत मोठी बेइज्जती. विड्यात मिरवणुकीनंतर जावयाला आहेर मिळतो.

या सगळ्या प्रसंगांत एक गोष्ट सारखी आहे. ज्यांना एरवी तोंड उघडायची मुभा नाही, त्यांना त्या दिवशी ती मिळते. वर्षभर नवऱ्याचं नाव न घेणारी बाई ओढ्याकाठी बेभान होते. मुलीकडच्यांनी मान खाली घालायची ही लग्नातली रीत, तिथं गाण्यापुरती मुलीकडची बाई वरमाईचा उद्धार करते. दार वर्षातून एकदा उघडायचं ते उरलेले दिवस बंद राहावं म्हणून. अलीकडं बाया लग्नात शिव्या गात नाहीत, डीजे लागतो. त्यात हळहळण्यासारखं आहे, पण सगळंच नाही. जिला वर्षभर बोलता येतं तिला एका दिवसाची गरज कमी पडते, हेही त्यातलं एक कारण असावं.

गैरसमज ५ : वर्ज्य शब्द म्हणजे शरीराचे आणि संभोगाचे शब्द.

वस्तुस्थिती : घरातली जुनी बाई कशाकशाला 'वाढवणं' म्हणते ते आठवा. बांगडी फुटली तर 'वाढवली'. मंगळसूत्र तुटलं तर 'वाढवलं'. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. फुटणं, तुटणं, संपणं यांचं नावच घ्यायचं नाही, कारण नाव घेतलं की ती गोष्ट घरात येते. हाही वर्ज्य शब्दांचाच कारभार, फक्त लाजेऐवजी भीतीचा.

देवीच्या रोगाला रोग म्हणत नसत. देवी 'आली' म्हणत आणि मान देऊन परत पाठवत. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि त्यानंतर हा आदर हळूहळू नाहीसा झाला. पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, उलटं होतं. ती शत्रूच्या घरी धाडायची. 'तुला पटकी येवो', 'तुझा मुडदा बशीवला', 'तुझा निर्वंश होवो' हे शाप खऱ्या भीतीतून आले होते. पटकी एका रात्रीत घर रिकामं करायची आणि मूल नसलेल्या घरात म्हातारपणी पाणी द्यायला कुणी नसायचं. आज कॉलेजातल्या मुलाला 'पटकी येवो' म्हटलं तर तो 'म्हणजे काय?' विचारेल. नळाच्या पाण्यानं आणि सलाईननं एक शिवी मारली.

हे फक्त आपल्याकडं घडत नाही. नेदरलँड्समधला माणूस आजही कॉलरा, टायफस, कॅन्सर यांच्या नावानं शिव्या घालतो. तिथल्या लोकांना आमच्या आज्यांचे शाप लगेच समजतील. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये कित्येक पिढ्या चर्चचा वरचष्मा होता, म्हणून तिथल्या कडक शिव्या म्हणजे देवघरातल्या वस्तू: पूजेचा पेला, प्रसादाची भाकर, ती ठेवायची पेटी. जिथं दाब जास्त, तिथंच भाषा फुटते.

मासिक पाळीचं उदाहरण आपल्याच डोळ्यांसमोरचं आहे. 'विटाळ', 'बाहेरची', 'कावळा शिवला' यांतला एकही शब्द पाळीचं नाव घेत नाही. एक तर अपवित्र ठरवतो, एक घराबाहेर बसवतो, एक कावळ्याच्या माथी मारतो. आता जाहिरातीत, शाळेत, आशाताईंच्या बैठकीत 'पाळी' हा शब्द सरळ येतो. ही शब्दाची मोकळीक म्हणजे बाई अंगणातून घरात आल्याची खूण आहे. सगळ्या घरांत नसेल, पण पुष्कळ घरांत.

गैरसमज ६ : आता काहीच वर्ज्य उरलं नाही. लाजच संपली.

वस्तुस्थिती : लाज संपली नाही, तिनं घर बदललं. ती हलताना दिसते ते साल १९७२.

त्या वर्षी 'सखाराम बाइंडर' हे तेंडुलकरांचं नाटक सेन्सॉरपुढं गेलं. त्याला ३२ कट सुचवले गेले आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग ते प्रकरण घेऊन न्यायालयात गेले. लग्नाशिवाय बाई ठेवणारा, शिव्या देणारा, आपल्या देहाबद्दल उघड बोलणारा माणूस रंगमंचावर आला, हा त्या वेळच्या मध्यमवर्गाला धक्का होता.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिकाच्या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित बायांची विटंबना झाली होती. ढाल्यांनी हिशेब मांडला की दलित बाईच्या अब्रूला हात घातला तर दंड ५० रुपये आणि राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर ३०० रुपये. मग त्या ध्वजाचं काय करायचं, हे त्यांनी असभ्य शब्दांत विचारलं. महाराष्ट्र खवळला. पण तो नेमका कशावर खवळला ते बघा. बहुतेकांना तो शब्द लागला. ५० रुपयांचा आकडा फार थोड्यांना लागला. ढाल्यांनी ती शिवी त्यासाठीच वापरली होती. तुम्हाला कुठं लागतं ते तुम्हालाच कळावं म्हणून.

पन्नास वर्षांत तराजू बराच कललाय. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यानं अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा चारचौघांत केलेला अपमान गुन्हा ठरवला. २०१५ च्या दुरुस्तीनं जातीच्या नावानं शिवीगाळ करणं हा वेगळा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिला. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीश आणि वकिलांसाठी पुस्तिका काढली आणि बायांविषयीचे कुठले शब्द निकालपत्रात वापरायचे नाहीत, ते सांगितलं.

म्हणून टपरीवरचा जो म्हातारा म्हणतो की आजकालची पोरं काहीही बोलतात, त्याला सांगावंसं वाटतं की आजकालची पोरं, तुम्ही बिनदिक्कत बोलत होता ते पुष्कळ काही बोलत नाहीत. शरीराचे शब्द सैल झाले, माणसाच्या जन्माचे शब्द आवळले गेले. पूर्वी प्रश्न असायचा की बोलणाऱ्याला हे शोभतं का. आता विचारलं जातं की ऐकणाऱ्याला हे कुठं लागतं.

गैरसमज ७ : शिवी देणं हा सरसकट गुन्हा आहे.

वस्तुस्थिती : कायद्याची नजर यादीप्रमाणंच बदलत आली. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. आज तसलीच प्रश्नोत्तरं रविवारच्या पुरवणीत येतात आणि त्यावरच वाटीभर चिवडा ठेवून आपण खातो.

मार्च २०२४ मध्ये 'कॉलेज रोमान्स' या वेबमालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की शिवराळपणा आणि अश्लीलता एकच नव्हे. शब्द कानाला खुपतो, घाण वाटतो, म्हणून तो आपोआप अश्लील ठरत नाही. याचा अर्थ कुणालाही काहीही बोला असा नाही. शांतता भंगावी म्हणून मुद्दाम केलेला अपमान, धमकी, जातिवाचक शिवीगाळ यांना वेगवेगळी कलमं आहेतच. म्हणजे आता कायदाही शब्दकोश बाजूला ठेवून विचारतो की कुणी, कुणाला, कुठं, कशासाठी.

गैरसमज ८ : शब्द बदलला की माणूस बदलतो. (किंवा, नाव बदलून काय होतंय?)

वस्तुस्थिती : दोन्ही अर्धवट. 'अपंग'चं 'विकलांग' झालं, मग 'दिव्यांग'. सरकारी पाट्यांवर नवा शब्द लगेच आला, पण बऱ्याच कचेऱ्यांच्या पायऱ्यांशेजारी उतार काही आला नाही. उतार होत नाही तोवर नव्या शब्दालाही जुन्याचा वास लागतो, आणि मग पुन्हा नवा शब्द शोधावा लागतो. 'हरिजन' हा शब्द आदरानं आला होता. ज्यांच्यासाठी आला त्यांनी तो नाकारला, कारण त्यांना हक्क हवा होता आणि मिळत होती दया.

विधवांचंही पाहा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. एप्रिल २०२३ मध्ये विधवांसाठी 'गंगा भागीरथी' म्हणजे 'गं. भा.' हा शब्द वापरायचा प्रस्ताव पुढं आला, तेव्हा मात्र बायांनीच तो उडवून लावला. हेरवाडनं चाल बदलली, बाईच्या हातात बांगडी राहिली. दुसऱ्या प्रस्तावात नावापुढचं नुसतं लेबल बदलणार होतं आणि नवरा नसण्याची जाहिरात तशीच राहणार होती. पुरुषाची बायको गेली तर त्याच्या नावाआधी काही लिहीत नाहीत.

आणि शिवीतली बाई? नोव्हेंबर २०२४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावच्या ग्रामसभेनं ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. लोक हसले. हसण्यासारखं काय आहे? ज्या दगडांवर शिलाहारांनी बाई कोरली, ते दगड उभे करणारं राज्य गेलं. ती दानाची जमीन किती हातांतून फिरली असेल. चंद्रसूर्याच्या साक्षीनं टिकली ती फक्त शिवी. दोन पुरुष भांडतात आणि तिथं नसलेल्या तिसऱ्या बाईला मधे ओढतात, ही रीत हजार वर्षांत मोडली नाही. सौंदाळ्याच्या दंडानं ती एकदम मोडेल असं नाही. पण तिथल्या ग्रामसभेनं ही तुमची बोलायची पद्धत नसून एका बाईचा अपमान आहे, असं ठराव करून लिहिलं.

शेवटी आमच्याच तालुक्यातली एक गोष्ट. जांब समर्थ घनसावंगी तालुक्यात. तिथं १६०८ मध्ये जन्मलेल्या नारायणाचे पुढं समर्थ रामदास झाले आणि मराठीतली सगळ्यांत लांब, सगळ्यांत शिस्तीची शिवीगाळ त्यांनी लिहिली. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्या समासात मूर्खांची लक्षणं आहेत आणि दहाव्यात पढतमूर्खांची. अमुक करतो तो मूर्ख, तमुक करतो तो मूर्ख. त्या शिव्यांची ताकद यात आहे की मूर्ख ठरवताना समर्थ माणसाच्या वागण्यावर बोट ठेवतात. तुझं हे वागणं मूर्खपणाचं, म्हणजे ते सोडता येईल, एवढी वाट ती शिवी ठेवते. गद्धेगाळ तेवढी वाट ठेवत नाही.

पण यादी नीट वाचली, तर त्यात सासऱ्याच्या घरी राहणाराही मूर्ख आहे आणि कूळ न पाहता मुलगी करणाराही. तो सतराव्या शतकाचा शहाणपणा. आज कूळ-जात न बघता लग्न करणाऱ्या जोडप्याला, त्यात एक जण मागासवर्गीय असेल तर, महाराष्ट्र सरकार ५० हजार रुपये देतं. आणि जे कूळ बघून पोरीचा जीव घेतात, त्यांच्यासाठी मूर्ख हा शब्दही अपुरा पडतो. समर्थांची रीत घ्यावी, यादी मात्र दर पिढीनं आपली आपण लिहावी. आपली यादी काय म्हणते, ते ऐकायचं असेल तर उद्या सकाळी त्या टपरीवर उभं राहा. कुठल्या शब्दाला माणसं हसतात आणि कुठल्या शब्दाला कपबश्या थांबतात, तेवढंच बघा.